शेवटच्या फळीतला राहुल भेके

१० सप्टेंबर २०१९ च्या रात्री दोह्याच्या जासिम बिन हमाद स्टेडियमवर भारताने कतारला ०-० असं रोखलं. कतार तेव्हा आशियाचा विजेता होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जपानला ३-१ हरवून त्यांनी आशियाई चषक उचलला होता. विश्वचषक पात्रतेच्या त्या सामन्यात कतारने पंचवीसहून जास्त फटके मारले आणि एकही जाळ्यात गेला नाही. आजारपणामुळे नेहमीचा कर्णधार सुनील छेत्री संघात नव्हता, म्हणून गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू कर्णधार होता. दुसऱ्या दिवशी सगळीकडे गुरप्रीतचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण त्या रात्री गुरप्रीतच्या पुढे जी चौघांची फळी उभी होती, तिच्या उजव्या टोकाला मुंबईचा राहुल भेके होता आणि डाव्या टोकाला गोव्याचा मंदार राव देसाई. मधे आदिल खान आणि संदेश झिंगन.

हा लेख त्यातल्या भेकेबद्दल आहे, आणि त्याच्या निमित्ताने बचावपटूच्या कामाबद्दल. मी वसईच्या पूर्वेकडे, वालीवला राहतो. इथल्या कंपन्या आणि गाळ्यांच्या मधे जो काही मोकळा प्लॉट उरला असेल तिथे संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात. गोलच्या खुणेला दोन बाजूंना विटा नाहीतर चपला. संघ पाडताना वाद एकाच गोष्टीवरून होतो, मागे कोण राहणार? मेस्सीचा, रोनाल्डोचा, छेत्रीचा शर्ट घातलेल्या कुणालाच मागे थांबायचं नसतं. शेवटी जो उशिरा आलाय किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही, तो मागे जातो. आपल्याला कमी लेखलं गेलंय असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. त्या मुलाला मागच्या जागेची खरी किंमत कळावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती सांगायला भेकेइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. वसई रोडहून लोकलने अंधेरी, तिथून मेट्रोने आझाद नगर. तिथल्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातल्या मैदानावर त्याच्या कारकिर्दीतले मोठे क्षण घडले.

आधी काम काय असतं ते पाहू. बचाव म्हणजे धडक मारून चेंडू हिसकावणं, असा समज आहे. धडक हा शेवटचा उपाय असतो. चांगला बॅक, म्हणजे मागच्या फळीतला बचावपटू, बराच वेळ चेंडूला पाय लावत नाही. तो उभा कुठे राहतो, यात त्याचं निम्मं काम होऊन जातं. समोरून विंगर चेंडू घेऊन येत असेल तर त्याच्यासमोर सरळ छाती करून उभं राहायचं नाही. अंग तिरकं ठेवायचं, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे थोडे वाकलेले. अंग कोणत्या बाजूला तिरकं आहे त्यावरून समोरच्याला एकच वाट मोकळी दिसते, आणि ती वाट बॅकने निवडलेली असते, बहुतेक वेळा टचलाइनच्या दिशेची. तिकडे गेला की विंगरला पुढे जागाच उरत नाही. पोरांना हे शिकवताना सर्वांत अवघड जातं ते पाय न टाकणं. पाय टाकला आणि चुकला तर बॅक तिथेच संपतो, कारण त्याच्या मागे फक्त गोली असतो.

दुसरं अवघड काम नजरेचं. चेंडू एका बाजूला आणि आपला माणूस दुसऱ्या बाजूला असतो. चेंडूकडे बघत राहिलात तर माणूस पाठीमागून निसटतो. माणसाकडे बघत राहिलात तर चेंडू कधी आला ते कळत नाही. म्हणून चांगला बॅक अशा कोनात उभा राहतो की मान थोडी वळवली की दोन्ही दिसावेत, आणि तो दर काही सेकंदांनी मान वळवत राहतो. क्रॉस येताना अनेक गोल होतात ते बॅक कमी उंचीचा असतो म्हणून नव्हे, तर चेंडू हवेत असताना तो मान वळवायला विसरतो म्हणून.

तिसरी गोष्ट लाइन. ऑफसाइडचा नियम असा, की आपल्याच संघातल्या कुणी चेंडू पुढे खेळवला त्या क्षणी आक्रमक प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या पुढे असेल आणि त्याच्या व गोलरेषेच्या मधे प्रतिस्पर्ध्यांचे दोन खेळाडूही नसतील, तर तो ऑफसाइड. या दोघांतला एक साधारणपणे गोलरक्षक असतो, म्हणजे खरी रेषा ठरवतो शेवटचा बॅक. १९२५ पर्यंत दोनऐवजी तीन खेळाडू लागत. बचाव फार सोपा झाला होता, गोल आटले होते, म्हणून नियम बदलला. त्याबरोबर आक्रमकांना मोकळीक मिळाली आणि क्लबांना मधल्या हाफबॅकला मागे ओढून दोन बॅकच्या मधे उभं करावं लागलं. लंडनच्या आर्सेनलने हर्बर्ट चॅपमनच्या काळात ही रचना पक्की केली, आणि त्यातून जन्माला आलेल्या जागेला आपल्याकडचे जुने खेळाडू आजही स्टॉपर म्हणतात.

चौघांची फळी एकत्र पुढे सरकते, एकत्र मागे येते. चेंडू उजवीकडे गेला तर चौघेही उजवीकडे सरकतात आणि डावीकडचा मैदानाच्या मध्यापर्यंत येतो. या हालचालीत एकजण अर्धा सेकंद मागे राहिला तर ऑफसाइडची रेषा मोडते. म्हणून कुणीतरी सतत बोलत असावं लागतं. पुढे या, थांबा, तुझ्या मागे आहे, त्याला घे, सोड, मी आहे. गोलरक्षकाला सगळं दिसतं, पण तो लांब असतो. मधल्या फळीतल्याच्या पाठीमागेही खेळ चाललेला असतो. मागच्या फळीतल्याला मात्र सगळं मैदान समोर असतं, आपल्या संघातले बहुतेक खेळाडू त्याला पाठमोरे दिसतात आणि कुणाच्या मागे जागा मोकळी पडलीय ते त्यांच्याआधी त्याला कळतं. अनेक मोठ्या संघांनी कर्णधारपद मागच्या फळीला दिलं, त्यामागे हे साधं कारण आहे. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळालं तेव्हाचा कर्णधार शैलेन मन्ना बॅक होता. १९६६ चा विश्वचषक उचलणारा इंग्लंडचा बॉबी मूर बचावपटू होता.

आता भेके. त्याचा जन्म ६ डिसेंबर १९९० चा, मुंबईतला. तो वाढत होता तेव्हा मुंबईचं क्लब फुटबॉल जुन्या आणि नव्या जगाच्या मधे लोंबकळत होतं. जुनं जग ऑफिसच्या संघांचं. बँका, रेल्वे, विमान कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि ते कूपरेजवर हार्वूड लीग खेळत. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक हे त्या जगाचं वैभव. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, म्हणजे मुंबईत देशातला सर्वोत्तम संघ होता. २०१० मध्ये महिंद्रने संघ बंद केला. भेके तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. २०१३ मध्ये एअर इंडिया आय-लीगमधून बाहेर पडली. २००७ मध्ये उभा राहिलेला मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि मग संपला. ही नावं पुढे परत येतील, कारण त्यांचा भेकेच्या जागेशी थेट संबंध आहे.

त्याला देशभर ओळख मिळाली ती कोलकात्याला, ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या शर्टात. त्या काळात इंडियन सुपर लीग फक्त दोन-तीन महिने चालायची आणि आय-लीग वेगळी असायची. त्यामुळे एकच खेळाडू वर्षात दोन क्लबांकडून खेळायचा. भेके ईस्ट बंगालचा असतानाच २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून आणि २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडून आयएसएल खेळला. आक्रमकाला अशी भटकंती फारशी नडत नाही. त्याला चेंडू मिळाला की त्याचं कौशल्य बोलतं. बॅकचं तसं नसतं. शेजारचा स्टॉपर पुढे झेप घेणारा आहे की मागे थांबणारा, गोली बाहेर येतो की रेषेवर राहतो, हे अंगात मुरायला महिने लागतात. दर काही महिन्यांनी शेजारी बदलत असतील तर बॅकचं कसब दिसण्याआधीच हंगाम संपतो.

२०१७ मध्ये तो बेंगळुरू एफसीत आला आणि पहिल्यांदा एका जागी स्थिरावला. २०२१ पर्यंत तो तिथे होता. बहुतेक वेळ राईट बॅक, गरज पडली तर मधे. इथेच त्याचं आणखी एक हत्यार लोकांच्या लक्षात आलं, लांब थ्रो-इन. चेंडू टचलाइनबाहेर गेला की हाताने आत टाकायचा असतो. दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला, रेषेवर किंवा रेषेबाहेर टेकलेला हवा, दोन्ही हात वापरायला हवेत, आणि चेंडू डोक्याच्या मागून वरून यायला हवा. यातली खुबी अशी की थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागत नाही. म्हणजे जो माणूस चेंडू थेट पेनल्टी बॉक्सपर्यंत फेकू शकतो, त्याच्या संघाला विरोधी टोकाच्या प्रत्येक थ्रो-इनला जवळपास कॉर्नर मिळाल्यासारखं असतं. हा जोर खांद्यात कमी आणि पाठ-पोटाच्या स्नायूंत जास्त असतो. अंग मागे कमानीसारखं ताणायचं आणि एका झटक्यात पुढे सोडायचं. वालीवच्या पोरांना मी हे करून बघायला सांगतो, कारण याला फारशी जागा लागत नाही, भिंत पुरते.

आणि मग त्याचे गोल. बचावपटूची कारकीर्द लोक त्याच्या गोलांवरून लक्षात ठेवतात, यात थोडा अन्याय आहे, पण भेकेचे गोल खरोखर विलक्षण वेळी आले. २० एप्रिल २०१८ ला भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर सुपर कपच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने, म्हणजे त्याच्याच जुन्या क्लबने, आघाडी घेतली होती. बरोबरीचा गोल भेकेने केला आणि बेंगळुरू पुढे ४-१ जिंकली. त्याच्या महिनाभर आधी, १७ मार्च २०१८ ला, बेंगळुरू आयएसएलचा अंतिम सामना घरच्या मैदानावर चेन्नईयिनकडून २-३ हरली होती. त्या सामन्यात चेन्नईयिनच्या मैल्सन आल्वेस या बचावपटूने कॉर्नरवरून डोक्याने दोन गोल केले होते.

बरोबर वर्षाने, १७ मार्च २०१९ ला, बेंगळुरू पुन्हा अंतिम फेरीत होती, यावेळी अंधेरीत, एफसी गोवाविरुद्ध. गोव्याचा कर्णधार मंदार राव देसाई. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळेच्या पहिल्या सत्रात गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळालं आणि गोवा दहाजणांवर आला. तरी गोल होईना. ११७ व्या मिनिटाला दिमास देल्गादोने कॉर्नर घेतला, भेके उसळला आणि डोक्याने चेंडू आत. १-०. बेंगळुरूची ती पहिली आयएसएल, आणि तो गोल मुंबईच्या मुलाने मुंबईतच केला.

कॉर्नरला बॅक पुढे का जातात, हेही सांगायला हवं. हवेतला चेंडू रोज परतवून परतवून त्यांना त्याच्या उडीचा, वेगाचा, पडण्याच्या जागेचा अंदाज इतरांपेक्षा पक्का झालेला असतो. २०१० च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध स्पेनचा एकमेव गोल कार्लेस पुयोलने कॉर्नरवरूनच डोक्याने केला होता, आणि तो बार्सिलोनाचा कर्णधार व स्टॉपर होता. क्लिअर करताना चेंडूच्या खालच्या भागाला मारून तो उंच आणि लांब घालवायचा. गोलसाठी त्याच उडीत वरच्या भागाला मारून खाली दाबायचा.

अंधेरीतल्या त्या गोलनंतर तीन महिन्यांत, ५ जून २०१९ ला, थायलंडमध्ये किंग्ज कपमध्ये कुरसावविरुद्ध भेके पहिल्यांदा देशासाठी खेळला. वय अठ्ठावीस पूर्ण. भारत तो सामना १-३ हरला. सप्टेंबरमध्ये गुवाहाटीला ओमानविरुद्ध पात्रता सामना होता. छेत्रीने २४ व्या मिनिटाला गोल केला, भारत ८१ मिनिटं टिकला, आणि मग रबिया अल-मंधरने ८२ व्या आणि ९० व्या मिनिटाला दोन गोल केले. बचावाचं दुखणं या दोन आकड्यांत आहे. ऐंशी मिनिटं धावून पायांपेक्षा डोकं जास्त थकतं. मान वळवण्याचं ते छोटं काम राहून जातं, आणि तेवढ्यात गोल होतो. त्यानंतर पाचच दिवसांनी दोहा होतं. गुवाहाटीतल्या शेवटच्या दहा मिनिटांनंतर पाच दिवसांत कतारसमोर पूर्ण नव्वद मिनिटं एकही गोल न खाणं, हे मला त्या संघाचं सर्वांत मोठं काम वाटतं. अंधेरीत एकमेकांसमोर उभे राहिलेले भेके आणि मंदार तिथे एकाच फळीची दोन टोकं सांभाळत होते.

२०२१ मध्ये भेके मुंबई सिटीत आला आणि इथे तो अधिकाधिक मधे, सेंटर बॅक म्हणून खेळू लागला. ही बढती असते असं मी म्हणेन. बाजूच्या बॅकला एका अंगाला टचलाइनचा आधार असतो. मधल्याला दोन्ही अंगांनी धोका. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटी पहिल्यांदाच एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळली, रियाधला. पहिला सामना अल-शबाबकडून ०-३ हरली. ११ एप्रिलला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध ती ०-१ पिछाडीवर होती. दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी केली आणि पाच मिनिटांनी कॉर्नरवरून भेकेने डोक्याने गोल केला. २-१. त्या स्पर्धेत कोणत्याही भारतीय क्लबचा तो पहिला विजय. कॉर्नर घेणारा होता अहमद जाहू, तोच, जो २०१९ च्या अंतिम सामन्यात लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता. मंदारही तेव्हा मुंबई सिटीतच होता. क्लब फुटबॉलमध्ये कालचा प्रतिस्पर्धी आज शेजारी असतो, आणि शेजाऱ्यावर किती पटकन विश्वास टाकता येतो यावर बॅकचं पोट अवलंबून असतं.

२०२२-२३ मध्ये मुंबई सिटीने सलग अठरा सामने न हरता ४६ गुणांसह लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येण्याचं बक्षीस, जिंकली. पुढच्या हंगामात, २०२३-२४ मध्ये, भेके कर्णधार होता. तो हंगाम कर्णधाराची खरी परीक्षा पाहणारा ठरला, म्हणून त्यावर जरा थांबतो.

नियमपुस्तकात कर्णधाराला जवळपास काहीच अधिकार नाहीत. नाणेफेकीला तो जातो. संघाच्या वागणुकीची काही जबाबदारी त्याच्यावर असते, पण त्याला खास सवलत नाही. त्याच्या दंडावर पट्टी हवी. पंचांशी बोलताना फक्त कर्णधारानेच पुढे यावं, हा आग्रह अलीकडच्या काळात वाढलाय. क्रिकेटचा कर्णधार गोलंदाज बदलतो, क्षेत्ररक्षण लावतो. फुटबॉलमध्ये हे सगळं प्रशिक्षक करतो. मग कर्णधार कशासाठी? प्रशिक्षकाचा आवाज मैदानात पोचत नाही तेव्हासाठी, आणि प्रशिक्षकच नसतो तेव्हासाठी.

त्या हंगामात ही दुसरी वेळही आली. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये रियाधला अल-हिलालने मुंबई सिटीचा ०-६ असा धुव्वा उडवला. दोन आठवड्यांनी, ६ नोव्हेंबर २०२३ ला, तोच अल-हिलाल नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला. मुंबई हरली, पण ०-२. त्याच महिन्यात प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेले. डिसेंबरमध्ये पेत्र क्रात्की आले. जानेवारीत ग्रेग स्ट्यूअर्ट हा महत्त्वाचा खेळाडू क्लब सोडून गेला. नवा प्रशिक्षक, मोडलेली घडी, हंगाम अर्ध्यावर. अशा वेळी सरावाला जुन्या सवयी टिकवून धरणारं आणि नव्या माणसाची भाषा इतरांपर्यंत पोचवणारं कुणीतरी लागतं. ते काम टीव्हीवर दिसत नाही.

१५ एप्रिल २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानने मुंबईला २-१ हरवून शील्ड नेली. मुंबईला बरोबरी पुरेशी होती, तीही झाली नाही. नऊ दिवसांनी आयएसएल चषकाच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना एफसी गोवाविरुद्ध, गोव्यातल्या फातोर्ड्याला. गोवा २-० पुढे, नव्वद मिनिटं भरत आलेली. मग मुंबईकडून छांगते, विक्रम प्रताप सिंग आणि पुन्हा छांगते, शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल, ३-२. दुसरा सामना मुंबईत २-० जिंकून संघ अंतिम फेरीत गेला. ४ मे ला पुन्हा तेच सॉल्ट लेक, तोच मोहन बागान, साठ हजारांवर प्रेक्षक, जवळपास सगळे विरोधात. जेसन कमिंग्जने ४४ व्या मिनिटाला गोल करून बागानला पुढे नेलं. मुंबईकडून पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि याकुब वोयतुश यांनी गोल केले. ३-१. चषक कर्णधार राहुल भेकेने स्वीकारला. वय तेहतीस.

हे वय महत्त्वाचं आहे. देशासाठी पहिला सामना अठ्ठाविसाव्या वर्षी. कर्णधार म्हणून आयएसएल तेहतिसाव्या वर्षी. देशासाठी पहिला गोल तर चौतिशीला टेकल्यावर, १८ नोव्हेंबर २०२४ ला हैदराबादला मलेशियाविरुद्ध, पुन्हा कॉर्नर आणि पुन्हा डोकं, सामना १-१. बचावपटू उशिरा पिकतो. वेगवान विंगर विशीतच चमकतो, कारण त्याचं भांडवल पायांत असतं. बॅकचं भांडवल बघितलेल्या हजारो प्रसंगांत असतं, आणि ते साठायला वर्षं लागतात. चुकासुद्धा मोठ्या सामन्यांत व्हाव्या लागतात, म्हणजे त्या कायमच्या लक्षात राहतात. आणि तेवढी वर्षं उभं राहायला क्लब लागतो.

इथे ती आधीची यादी परत येते. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. भेके २०१६ मध्ये ज्या एफसी पुणे सिटीकडून खेळला, तो क्लबही २०१९ मध्ये बंद झाला. भारताचा आजचा प्रशिक्षक खालिद जमील महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्हींकडून खेळला, मुंबई एफसीचा अनेक वर्षं प्रशिक्षक होता, आणि आज त्याला या तिघांपैकी एकाही क्लबच्या फाटकातून आत जाता येणार नाही, कारण फाटकच उरलेलं नाही. महाराष्ट्रात गुणी फॉरवर्ड दिसतात आणि बॅक कमी दिसतात, याचं मला सापडलेलं उत्तर हे आहे. पोरांना मागे उभं राहायची हौस नसते हे खरं, पण ज्यांना असते त्यांना पिकायला लागणारी दहा-बारा वर्षं देणारे क्लब आपण टिकवले नाहीत. शेजारच्या गोव्यात हे चित्र वेगळं होतं. पणजीच्या डेम्पो क्लबने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा देशाची लीग जिंकली, आणि त्यांच्या मागच्या फळीत महेश गवळी आणि समीर नाईक वर्षानुवर्षं एकत्र खेळले. दोघेही देशासाठी खेळले. नाईक पुढे डेम्पोचाच प्रशिक्षक झाला. गवळी राष्ट्रीय संघाचा साहाय्यक प्रशिक्षक झाला, आणि जुलै २०२३ मध्ये बेंगळुरूला सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मुख्य प्रशिक्षकावर बंदी असताना संघाला बाहेरून त्यानेच चालवलं. कुवेतविरुद्ध भारत पेनल्टींवर जिंकला.

भेके २०२४ मध्ये बेंगळुरूला परतला. पुढच्याच हंगामात बेंगळुरू अंतिम फेरीत पोचली आणि एप्रिल २०२५ मध्ये सॉल्ट लेकला जादा वेळेत मोहन बागानकडून १-२ हरली. मग जुलै २०२५ मध्ये पुढचा आयएसएल हंगामच लांबणीवर पडला, कारण लीग चालवण्याच्या कराराचा प्रश्न सुटेना. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. चौतीस वर्षांच्या बचावपटूला असे रिकामे महिने किती महाग पडतात, ते सांगायला नको. त्याच काळात खालिद जमीलने त्याला ताजिकिस्तानमधल्या सीएएफए नेशन्स कपला नेलं. ८ सप्टेंबरला तिसऱ्या जागेसाठी समोर ओमान होता, तोच ओमान ज्याने २०१९ मध्ये गुवाहाटीला शेवटच्या आठ मिनिटांत सामना हिसकावला होता. भारत ०-१ मागे होता. भेकेचा लांब थ्रो, दानिश फारुकने पुढे ढकललेला चेंडू, उदांताचं डोकं, १-१. पेनल्टींत भारताचे तीनच फटके आत गेले, त्यातला एक भेकेचा. भारत ३-२ जिंकला.

वालीवपासून वसईचा पश्चिम भाग फार लांब नाही. तिकडे ख्रिस्ती गावांमध्ये फुटबॉल अनेक पिढ्यांपासून खेळला जातो, आणि डिसेंबरअखेर चिमाजी अप्पा मैदानावर भरणाऱ्या वसई तालुका कला-क्रीडा महोत्सवात सगळ्या तालुक्याची पोरं उतरतात. पूर्वेकडे, कारखान्यांच्या या पट्ट्यात, तसं मैदान नाही. खेळण्याइतका मोकळा प्लॉट आज आहे, उद्या त्यावर गाळे उभे राहतात. मागच्या जागेवर खेळायला तयार असलेल्या मुलाला इथून दर आठवड्याला पश्चिमेला नेता येईल, तिथल्या क्लबात घालता येईल, आणि हे काम पालकांनी एक-दोन वर्षांसाठी नव्हे, बारावीनंतरही सोडू नये. बचावपटूचं काय होणार हे अठराव्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही.

आणि अंधेरीला सामना बघायला गेलात तर एक करा. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघू नका. आपल्या बाजूचा राईट बॅक निवडा आणि फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना तो किती आत सरकतो, मान किती वेळा वळवतो, शेजारच्या स्टॉपरला काय ओरडून सांगतो, चेंडू मागे खेळला गेला की चौघे एकदम किती पावलं पुढे येतात, हे मोजा. टीव्हीवर यातलं काहीच दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे पळतो. त्यासाठी मैदानावरच जावं लागतं, आणि शक्य असेल तर गोलच्या मागच्या बाजूला बसावं. तिथून फळी आडवी दिसते, आणि ती कुठे मोडतेय तेही आधी दिसतं.